कलर फील्ड पेंटिंग मेटलवर प्रिंट करून घेताय? मग ग्लॉसीच्या नादी लागू नका

निकाल आधीच सांगून टाकते, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. कलर फील्ड टाइपची पेंटिंग्ज, म्हणजे मोठमोठे रंगाचे पट्टे, चौकोन, पसरत गेलेले डाग, आकृती बिकृती काही नाही, अशी चित्रं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर प्रिंट करून भिंतीवर लावायची असतील तर पांढऱ्या बेसवरचं, म्हणजे रंगाखाली पांढरा थर असलेलं, मॅट (न चमकणारं) फिनिश घ्या, शक्यतो कडा स्पष्ट असलेलं चित्र निवडा, आणि फाइल १६ बिटची, म्हणजे रंगाच्या जास्त बारीक पायऱ्या असलेली, तयार करून घ्या. ग्लॉसी, म्हणजे चकचकीत, घेऊ नका, कुणी कितीही सांगितलं की रंग त्यातच खुलतात. खुलतात हे खरंय, पण कशाच्या बदल्यात ते पुढे सांगते.

ही तुलना मी मूळ कॅनव्हास शेजारी ठेवून केलीय हे आधीच सांगायला हवं. बहुतेक रिव्ह्यूमध्ये काय असतं की मोबाइलवर दिसणारा फोटो आणि हातात आलेला प्रिंट यांची तुलना करून पाच स्टार दिलेले असतात, आणि मोबाइलचा फोटोच मुळात अर्धा खोटा असतो. माझी एक मैत्रीण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट करते, तिचे दोन मोठे कॅनव्हास विकले गेले होते आणि ते पाठवायच्या आधी त्यांचे मेटल प्रिंट करून ठेवायचे असं तिच्या डोक्यात आलं, एक सेट तिला, एक मला. दोन्ही चित्रं स्वभावाने अगदी वेगळी. एकात पातळ केलेला नारिंगी आणि गेरू रंग कच्च्या कॅनव्हासवर ओतून मुरू दिलेला, कड कुठे संपते ते कळत नाही. दुसरं एकदम कडक, गडद निळा आणि त्यातून उभी जाणारी एक पिवळी पट्टी, टेप लावून मारलेली. मुद्दाम सगळी फिनिश मागवली, ग्लॉसी, मॅट, आणि तो पांढरा बेस नसलेला चंदेरी प्रकार, म्हणजे काय फरक पडतो ते एकदाच कळेल.

आता हा प्रकार बनतो कसा ते थोडं सांगते, कारण त्यातच पुढच्या सगळ्या तक्रारींचं मूळ आहे. बहुतेक ठिकाणी मेटल प्रिंट म्हणजे डाय सब्लिमेशन. चित्र आधी उलटं करून ट्रान्सफर पेपरवर खास शाईने छापतात, मग तो कागद कोटिंग केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवून हीट प्रेसमध्ये जवळपास २०० अंश सेल्सिअसला दाबतात. त्या उष्णतेने शाई द्रव न होता थेट वायू होते आणि पत्र्यावरच्या पॉलिस्टर कोटिंगच्या आत शिरते. म्हणजे रंग वर बसलेला नसतो, कोटिंगच्या आत असतो. त्यामुळे नख मारलं तरी निघत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो, आणि रंगाला एक आतून आल्यासारखी झळाळी असते जी कागदावर कधीच येत नाही. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरहून थोडा जाड. ६० बाय ९० सेंटीमीटरचा प्रिंट दीड-पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे भिंतीत मोठं ड्रिलिंग वगैरे लागत नाही, हा एक मोठाच फायदा.

फोटोसाठी हे सगळं मस्तच आहे. लँडस्केप, पाणी, गाड्या, रात्रीचे दिवे, मेटलवर हे असलं काही भारी दिसतं की विचारू नका. पण कलर फील्डचं गणितच वेगळं आहे. तिथे बघायला रंगाशिवाय दुसरं काही नाहीच, म्हणजे प्रिंटमध्ये जरा जरी गडबड झाली तरी ती लपायला जागा नाही. फोटोत आकाशाच्या एका कोपऱ्यात रंग थोडा इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या बापाला कळत नाही, इथे तोच कोपरा म्हणजे चित्र.

आणि कलर फील्डची चित्रकार मंडळी रंग लावायचीच अशा पद्धतीने की तो पृष्ठभागापासून सोडवता येऊ नये. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलरने १९५२ साली 'माउंटन्स अँड सी' केलं तेव्हा तेलरंग टर्पेंटाइनने पातळ करून जमिनीवर अंथरलेल्या प्रायमर न लावलेल्या कापडावर ओतला, म्हणजे रंग कापडावर नाही, कापडात गेला. पुढच्याच वर्षी मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड या दोन चित्रकारांनी तिच्या स्टुडिओत ते चित्र पाहिलं आणि दोघांचंही काम तिथून बदललं. मार्क रोथको या चित्रकाराचं वेगळंच, तो पातळ थरावर पातळ थर चढवायचा. लंडनच्या टेट म्युझियममध्ये त्याची जी सीग्रॅम म्युरल्स, म्हणजे भिंतीसाठी केलेली मोठी चित्रं, आहेत त्यांच्या तपासणीत रंगात अंडं, डामर नावाची झाडाची राळ, वेगवेगळी सिंथेटिक रेझिन्स असं काय काय सापडलंय, आणि त्यामुळे एकाच चित्रात काही भाग चकाकतो, काही भाग एकदम मुका. उजेड त्या थरांमधून आत जातो, खालच्यावर आपटून परत येतो, म्हणून त्या चौकोनांकडे बघताना ते श्वास घेतायत असं वाटतं. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं चित्र ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल, रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले आणि खरवडलेले थर, आणि त्याच्या मागून येणारा उजेड. हे कोटिंगमध्ये शिरलेल्या एकसारख्या शाईने कसं करायचं? करता येत नाही. प्रिंटला सगळीकडे एकच चमक असते, पूर्ण मॅट नाहीतर पूर्ण ग्लॉसी.

तर ग्लॉसी. खोका उघडला तेव्हा पहिल्यांदा दोघींच्याही तोंडून वा निघालं हे कबूल. नारिंगी असा काही पेटला होता की मूळ चित्र शेजारी फिकट वाटायला लागलं. मग भिंतीवर लावला. आणि समोरची खिडकी, त्या खिडकीचे गज, वरचा पंखा, मधेच आपलं डोकं, हे सगळं त्या नारिंगीत आलं. कडक निळ्या चित्रात तर अजूनच, कारण गडद रंगात प्रतिबिंब जास्त ठळक दिसतं. फोटोच्या प्रिंटमध्ये डोळा चित्रातल्या वस्तूंना धरून राहतो आणि प्रतिबिंबाकडे दुर्लक्ष करतो, इथे धरायला वस्तूच नाही तर डोळा सरळ त्या पंख्यावर जाऊन बसतो. कोन बदलून बघा, दिवा हलवून बघा, सगळे सांगतात. हलवला. एका जागेवरून बरं दिसतं, बाकी खोलीतून पंखा. भिंतीवरच्या चित्रासाठी आपण खुर्च्यांची जागा ठरवायची का मग?

मॅट लावल्यावर एकदम शांतता. प्रतिबिंब जवळपास गेलंच, राहतो तो एक पसरट उजळपणा, तोही खिडकीच्या अगदी समोर लावलात तर. काळा आणि गडद रंग ग्लॉसीइतके खोल येत नाहीत हे खरंय, निळा किंचित राखाडीकडे झुकला, शेजारी ठेवलं तर कळतं, एकटा बघितला तर नाही. पण कॅनव्हासचं जे मुकेपण असतं त्याच्या सर्वात जवळ हाच येतो. मैत्रिणीने नारिंगीवाल्या मॅट प्रिंटकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "अगं, चित्र माझंच आहे, पण कुणीतरी कडक इस्त्री करून दिलंय." यापेक्षा नेमकं वर्णन मला जमणार नाही.

कारण जवळून बघितलं की काय दिसतं ते सांगते. मूळ चित्रात खालच्या कडेला नारिंगी रंग कापडाच्या धाग्याधाग्याने पुढे सरकलाय, एखादा धागा रंग पिऊन एक सेंटीमीटर पुढे गेलाय, शेजारचा कोराच राहिलाय. प्रिंटमध्ये तो धागाही दिसतो, फोटो चांगला काढला होता त्यामुळे अगदी स्पष्ट दिसतो, पण तो धाग्याचा फोटो आहे. मान जरा तिरकी केली की कॅनव्हासवर त्या धाग्यांवरचा उजेड बदलतो, पत्र्यावर काहीच हलत नाही. तीन-चार फुटांवरून बघणाऱ्याला हा फरक कळणार नाही असं वाटेल, पण कळतो, फक्त कशामुळे ते सांगता येत नाही, काहीतरी कमी आहे एवढंच.

निळ्या चित्रात उलट गंमत झाली. पिवळ्या पट्टीच्या कडेला टेप काढताना रंगाचा एक बारीक उंचवटा राहिला होता, अगदी केसाएवढा. फोटो काढताना एका बाजूचा दिवा थोडा जोरात होता त्यामुळे त्या उंचवट्याची सावली फोटोत आली, आणि फोटोतून प्रिंटमध्ये. आता माझ्या खोलीत उजेड येतो नेमका विरुद्ध बाजूने, त्यामुळे तो उंचवटा उंच न दिसता खाच पडल्यासारखा दिसतो. ही चूक प्रिंटिंगवाल्याची नाही, फोटोग्राफरची आहे, पण पेंटिंगचं रिप्रॉडक्शन करणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारख्या ताकदीचे दिवे, लेन्सवर आणि दिव्यांवर पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर), चौकटीत कलर चेकर (रंग ताडून बघायचा ठरावीक रंगांचा तक्ता), आणि मोबाइल लांब. बाकी ते चित्र मेटलवर झकास आलंय. सपाट रंग, स्पष्ट कड, त्याला पत्र्याचा सपाटपणा मानवतो. एल्सवर्थ केली या अमेरिकन कलाकाराने १९५७ च्या सुमारास 'स्कल्प्चर फॉर अ लार्ज वॉल' केलं ते अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमच्या १०४ पट्ट्यांचंच आहे, म्हणजे रंग आणि धातू यांचं वैर आहे असं काही नाही. चित्रकार जोसेफ अल्बर्स तर मॅसोनाइटच्या, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या, कडक पाट्यांवरच चौकोनात चौकोन रंगवत बसायचा. नोलंडची वर्तुळं आणि पट्टे, अल्बर्सचे चौकोन, या घराण्यातलं काम असेल तर मेटल डोळे झाकून घ्या. फ्रँकेंथेलर, लुई, रोथको या बाजूचं, मुरलेलं, धूसर, थरांचं असेल तर मी चांगल्या जाड कॉटन पेपरवरच्या पिगमेंट प्रिंटकडे (रंगाचे बारीक कण असलेल्या शाईच्या प्रिंटकडे) वळा म्हणेन, मेटल हवंच असेल तर मॅट आणि अपेक्षा थोड्या कमी.

चंदेरी प्रकाराबद्दल दोन शब्द. यात कोटिंगखाली पांढरा थर नसतो, पत्रा रंगातून दिसतो. म्हणजे चित्रात जिथे पांढरं तिथे धातू, जिथे फिकट रंग तिथे रंगीत धातू. पिवळी पट्टी पितळी झाली. सुंदर दिसते, खोटं कशाला बोलू, पण ते दुसरंच चित्र आहे. चित्रकार स्वतः ठरवून त्यासाठी नवीन काही करत असेल तर जरूर करावं, रिप्रॉडक्शन म्हणून नाही.

आता फाइलचा विषय, आणि इथे खरंच लक्ष द्या, कारण पैसे इथे वाया जातात. लोक विचारतात रिझोल्यूशन किती हवं. ६० बाय ९० सेंटीमीटरला ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल) धरलं तर साधारण ७५ मेगापिक्सेल होतात, १५० धरलं तर १९च्या आत. कडक सपाट चित्राला १५० पुरतं, पोत दाखवायचा असेल तर जास्त हवं. पण कलर फील्डमध्ये रिझोल्यूशनपेक्षा मोठा शत्रू आहे बँडिंग, म्हणजे सलग रंगात दिसणारे पट्टे. ८ बिटच्या फाइलमध्ये एका चॅनलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा यातल्या एकेकाला, २५६ पायऱ्या असतात. ऐकायला भरपूर वाटतात. पण तुमचं चित्र जर ९० सेंटीमीटरच्या उंचीत एका नारिंगीतून जरा गडद नारिंगीत जात असेल, आणि तो फरक समजा फक्त ३० पायऱ्यांचा असेल, तर एकेक पायरी ३ सेंटीमीटर रुंद पट्टा होऊन बसते, आणि तो पट्टा गुळगुळीत पत्र्यावर दिसतो. कॅनव्हासवर किंवा खरखरीत कागदावर पोतामुळे तो लपून जातो, इथे लपवणारं कुणी नाही. उपाय सोपा आहे, रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली, प्रक्रिया न केलेली), १६ बिटमध्ये सगळं एडिटिंग, आणि शेवटी अगदी बारीक ग्रेन, म्हणजे रवाळपणा, टाकायचा, लांबून दिसणार नाही इतपतच. बऱ्याच साइट शेवटी जेपेगच मागतात, म्हणजे ८ बिट, आणि म्हणूनच तो ग्रेन आधी टाकलेला हवा, मग पायऱ्या फुटतात. कॉम्प्रेशन सर्वात कमी ठेवा नाहीतर केलेली सगळी मेहनत तिथे जाते.

कलर प्रोफाइल हा अजून एक भाग. ज्या ठिकाणाहून मागवताय ते त्यांच्या मशीनचं आणि फिनिशचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) देतात का ते ऑर्डरच्या आधी विचारा. देत असतील तर सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच, बघा, कुठले रंग मशीनच्या आवाक्याबाहेर आहेत ते आधीच कळतं. काही तीव्र रंग, विशेषतः फ्लोरोसंट किंवा अगदी शुद्ध अल्ट्रामरीन, हे ना कॅमेऱ्यात नीट येतात ना शाईत. देत नसतील तर छोटा तुकडा आधी करून घ्या, त्यात चित्राचे सगळे मुख्य रंग एकाशेजारी एक ठेवून. आम्ही ते केलं आणि त्यामुळेच गेरू वाचला, पहिल्या तुकड्यात तो सरळ गुलाबी आला होता.

तुकडा बघायचा तो कुठे? जिथे प्रिंट लागणार तिथे, त्याच दिव्याखाली. कारण पेंटिंगचं पिगमेंट आणि प्रिंटची शाई दिवसाच्या उजेडात जुळली तरी घरातल्या एलईडीखाली जुळतीलच असं नाही, स्वस्त दिवा असेल तर लाल हमखास मरतो. चांगल्या सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप), म्हणजे ९०च्या वरचा दिवा लावा. हा रंग आणि उजेडाचा संबंध किती टोकाला जाऊ शकतो त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. रोथकोने अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली म्युरल्स १९६४ मध्ये तिथल्या एका जेवणाच्या खोलीत लागली, मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन, आणि त्याने वापरलेला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हाने उडाला, किरमिजी चित्रं निळसर पडली. १९७९ पर्यंत ती उतरवून ठेवावी लागली. मग २०१४ मध्ये हार्वर्डने चित्रांना हात न लावता प्रोजेक्टरमधून त्या त्या जागी कमी पडलेल्या रंगाचा उजेड टाकला आणि जुना रंग दिसायला लागला, आणि रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करायचे की खाली उडालेलं चित्र दिसायचं. त्यामुळे कुणी मेटल प्रिंट कधीच फिका पडत नाही म्हणालं तर मान डोलवा आणि तरीही थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. सब्लिमेशनची शाई टिकाऊ आहे, पण शेवटी डायच, म्हणजे विरघळणारा रंगच, आहे, ऊन कुणाला सोडत नाही. पाण्याचं मात्र काही टेन्शन नाही, दमट जागेत कागद फुगतो, कॅनव्हासला बुरशी येते, याला काहीही होत नाही.

आता सर्व्हिसबद्दल, नाव घेणार नाही. पॅकिंग उत्तम होतं, कोपऱ्यांना फोमचे जाड संरक्षक, दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा. हे महत्त्वाचं आहे कारण पत्र्याचा कोपरा एकदा मुडपला की परत सरळ होत नाही, कोटिंगला तडा जातो. पण पहिल्या मॅट निळ्या प्रिंटमध्ये दोन घोळ होते. एक म्हणजे मधोमध एक फिकट ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. दाबताना कागद आणि पत्र्याच्या मधे धुळीचा कण राहिला की असं होतं. दुसरा घोळ जास्त वाईट, डावीकडची साधारण चार बोटं रुंदीची कड बाकी निळ्यापेक्षा किंचित तपकिरी झाक मारत होती, म्हणजे प्रेसची उष्णता सगळीकडे सारखी नव्हती. कस्टमर केअरला फोटो पाठवले तर उत्तर आलं की हे त्यांच्या टॉलरन्समध्ये बसतं, आणि साहजिकच आहे, त्यांचे निकष फोटोंसाठी ठरवलेत, समुद्राच्या फोटोत हे कुणाला दिसलं असतं? मग मैत्रिणीने त्यांना फोनवरच सांगितलं की भाऊ, या चित्रात निळ्याशिवाय काही नाहीये, तुम्ही मला निळाच दोन प्रकारचा दिलाय. त्यावर वाद न घालता त्यांनी नवीन करून पाठवला आणि तो व्यवस्थित होता. माझा सल्ला, ऑर्डर देतानाच नोटमध्ये लिहा की सपाट रंगाचं काम आहे, छटा कडेपासून कडेपर्यंत सारखी हवी, धुळीचा ठिपका चालणार नाही. आधी लिहिलेलं असलं की नंतर बोलायला तोंड राहतं.

सब्लिमेशन सोडून दुसरा एक पर्याय आहे, अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिटवर थेट यूव्ही प्रिंट. दोन पातळ पत्रे आणि मधे प्लास्टिकचा गाभा, एकूण ३ मिलिमीटर वगैरे जाड, त्यावर शाई थेट पडते आणि यूव्ही दिव्याने जागच्या जागी सुकते. यात शाई वर बसते त्यामुळे ओरखड्याला जरा नाजूक, रंगाची झळाळी कमी, पण पृष्ठभाग आपोआपच मॅटच्या बाजूचा, पत्रा मुडपत नाही आणि मोठ्या मापात मिळतो. याचा नमुना मी फक्त हातात घेऊन पाहिलाय, भिंतीवर लावून नाही, पण मुरलेल्या रंगाच्या चित्रांना कदाचित हाच जास्त शोभेल असं वाटून गेलं.

मापाचं बोलायचं तर तिथे थोडी निराशाच आहे. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनचं 'वीर हेरॉइकस सब्लिमिस' हे लाल चित्र जवळपास अडीच मीटर उंच आणि साडेपाच मीटर लांब आहे, आणि १९५१च्या प्रदर्शनात त्याने भिंतीवर सूचना लावली होती की ही मोठी चित्रं जवळून बघण्यासाठी आहेत. म्हणजे लाल रंगाने तुम्हाला दोन्ही बाजूंनी घेरलं पाहिजे. तेच ६० बाय ९० मध्ये केलं की एक लाल आयत उरतो, छान लाल आयत, पण घेरत बिरत काही नाही. सब्लिमेशनला प्रेसच्या मापापुढे जाता येत नाही. काही जण तीन-चार पत्रे शेजारी लावून मोठं चित्र करायचं सुचवतात, कलर फील्डला ते अजिबात करू नका, मधल्या फटी म्हणजे नवीन उभ्या रेषा होतात, आणि न्यूमनसारख्या चित्रात, जिथे उभी रेष हाच सगळा मामला आहे, तिथे तर विनोदच होईल. त्यापेक्षा छोट्या आकाराचीच मूळ चित्रं निवडा, मूळ माप आणि प्रिंटचं माप जवळ असलं की बराच फरक पडतो. मैत्रिणीचे कॅनव्हास मीटर-सव्वा मीटरचे होते म्हणून आमचं जमलं.

न्यूमनवरून आठवलं. त्याच्या 'हू इज अफ्रेड ऑफ रेड, यलो अँड ब्लू' मालिकेतलं तिसरं चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियममध्ये १९८६ साली एकाने चाकूने फाडलं, आणि दुरुस्त होऊन १९९१ मध्ये परत आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला, की लाल भाग रोलरने नव्याने रंगवून टाकलाय, त्यातली खोली गेली. लांबून बघणारा म्हणेल लालच तर आहे, लालच्या जागी लाल लावला. 'त्यात काय, हे तर मीही रंगवेन' म्हणणाऱ्या पाहुण्यांना हा किस्सा ऐकवायला बरा पडतो, माझ्याकडे दोनदा कामी आलाय.

हक्कांचं एक. रोथको, न्यूमन, फ्रँकेंथेलर यांची चित्रं अजून कॉपीराइटमध्ये आहेत. नेटवरून फोटो उतरवून स्वतः प्रिंट करून घेणं म्हणजे एकतर हक्कांचा भंग, आणि दुसरं म्हणजे त्या फोटोचे रंग कशाच्या कशाला जुळत नाहीत, एकाच चित्राचे दहा साइटवर दहा लाल सापडतात. चांगले प्रिंटवाले हक्काचं विचारतातही. अधिकृत परवाना घेतलेले प्रिंट मिळतात ते घ्या, नाहीतर जिवंत चित्रकाराला गाठा, फाइल त्याच्याकडून घ्या, रंग बरोबर आहे का ते त्याच्याकडूनच तपासून घ्या आणि पैसे त्यालाच द्या. 'अमक्याच्या शैलीत' म्हणून जे काही मशीनने केलेलं तयार विकतात ते बघितलं मी, दोन रंग आणि मधे धुरकट पट्टा, बास. सोफ्याच्या रंगाला मॅचिंग म्हणून ठीक आहे.

लावण्याबद्दल. फ्रेम घालू नका, मागे जी छोटी चौकट चिकटवून देतात ती घ्या, त्याने पत्रा भिंतीपासून एक-दीड सेंटीमीटर पुढे तरंगतो आणि मागे सावली पडते. या चित्रांना ती सावली बरी दिसते, कड मोकळी राहते. कोपरे गोल करून देऊ का विचारतील, नको म्हणा, गोल कोपऱ्याने चित्राचा बोर्ड होतो. मूळ कॅनव्हासच्या बाजूंवर रंग ओघळलेला असतो तो अर्थात इथे नसतो, पत्र्याच्या कडेला चंदेरी धार दिसते, गडद चित्रात जरा जास्तच, तिरकं बघितलं की चमकते. काहीजण कड काळी करून देतात, ते विचारून बघा.

पुसायला मऊ मायक्रोफायबर आणि साधं पाणी. मॅटवर बोटांचे तेलकट ठसे ग्लॉसीपेक्षा जास्त वेळ राहतात, विशेषतः गडद निळ्यावर, त्यामुळे लावताना स्वच्छ हातमोजे घाला आणि वरची संरक्षक फिल्म असेल तर भिंतीवर चढवून झाल्यावरच काढा. माझ्या भिंतीवर आत्ता निळं मॅट आहे आणि ते राहणार आहे. ग्लॉसी नारिंगी मैत्रिणीने स्टुडिओच्या बाहेरच्या अंधाऱ्या जिन्यात लावलाय, तिथे एकही खिडकी नाही, वरून एकच दिवा, आणि तिथे मात्र तो खरंच छान दिसतो.